देवयानी दीर्घिकेचे छायाचित्र : नोंद आणि नाव

१. विषयप्रवेश

पावसाळा सरल्यावर, कार्तिक-मार्गशीर्षातील काळोख्या रात्री, भाद्रपदांच्या चौकोनाच्या ईशान्य कोपऱ्यावरील ताऱ्यापासून देवयानीच्या ताऱ्यांची रांग धरून पुढे गेले आणि दुसऱ्या ठळक ताऱ्यापाशी वायव्येकडे वळले, की नुसत्या डोळ्यांना एक फिकट, लांबट डाग दिसतो. इ. स. ९६४ च्या सुमारास इराणी ज्योतिर्विद अब्द अल्-रहमान अल्-सूफी याने आपल्या स्थिर ताऱ्यांच्या ग्रंथात त्याची नोंद 'लहानसा ढग' अशी केली. १६१२ साली सायमन मारिउस या जर्मन निरीक्षकाने तो दुर्बिणीतून पाहिला, तेव्हा त्याला शिंगाच्या पातळ पापुद्र्याआडून दिसणाऱ्या मेणबत्तीच्या ज्योतीची उपमा सुचली. १७६४ मध्ये शार्ल मेस्ये याने आपल्या यादीत त्याला ३१ वा क्रमांक दिला. दुर्बिणी मोठ्या होत गेल्या. परंतु त्यांतून पाहणाऱ्या डोळ्याला त्या डागाचा सर्पिल आकार उलगडला नाही. आज मात्र आठ सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाची दुर्बीण आणि एक डिजिटल कॅमेरा एवढ्या साहित्यावर हौशी निरीक्षक तो आकार एका रात्रीत चित्रांकित करतो.

यातून दोन प्रश्न उद्भवतात. मोठ्या दुर्बिणीतून डोळ्याला न दिसलेले लहान दुर्बिणीच्या छायाचित्रात कसे उमटते, हा पहिला. तो भौतिकीचा आहे व त्याचे उत्तर सरळ आहे. असे उमटलेले चित्र नेमके काय सांगते, हा दुसरा. तो पुराव्याच्या वाचनाचा, म्हणजेच चिन्हांच्या अर्थाचा, असल्यामुळे केवळ ज्योतिषशास्त्राच्या कक्षेत राहत नाही. प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रश्नांचा क्रमाने विचार केला आहे.

२. डोळा आणि काच

मंद प्रकाश ग्रहण करताना डोळा फार अल्पकाळ, सेकंदाच्या लहानशा अंशापुरता, प्रकाश साठवतो आणि मग आधीचे पुसून नव्याने सुरुवात करतो. एखादी फिकट वस्तू तासभर पाहिली म्हणून ती अधिक उजळ होत नाही. छायाचित्रणाच्या काचेवर किंवा संवेदकावर याच्या उलट घडते. तेथे आलेला प्रत्येक प्रकाशकण हिशेबात जमा राहतो. प्रकाश ग्रहण करण्याच्या या काळाला उद्भासन म्हणतात. उद्भासन वाढवले की फिकट भाग वर येतात. डोळ्याला ही सोय नाही.

या फरकाचे ऐतिहासिक उदाहरण बोधप्रद आहे. १८४७ मध्ये हार्वर्ड वेधशाळेच्या पंधरा इंची दुर्बिणीतून जॉर्ज बाँड याने या 'तेजोमेघा'चे परिश्रमपूर्वक रेखाटन केले. त्यात त्याला जवळजवळ समांतर अशा दोन काळ्या रेषा आढळल्या. त्याने त्या प्रामाणिकपणे नोंदवल्या. परंतु त्या कशाच्या रेषा आहेत, हे रेखाटनावरून कळण्याजोगे नव्हते. पुढे लिव्हरपूलजवळील मॅगल येथे आयझॅक रॉबर्ट्स या वेल्श अभियंत्याने वीस इंची आरशाच्या दुर्बिणीने २९ डिसेंबर १८८८ च्या रात्री सुमारे चार तासांचे उद्भासन देऊन एक काच प्रकाशित केली. त्या काचेवर बाँडच्या रेषांचे रहस्य उलगडले. मध्यगाभ्याभोवती वेटोळी घेणाऱ्या तेजस्वी पट्ट्यांच्या मधल्या काळोख्या जागा डोळ्याला सुट्या रेषांसारख्या भासल्या होत्या. तिरप्या पाहिलेल्या चक्राचा सर्पिल आकार प्रथमच स्पष्ट झाला.

येथवर काचेचा विजय निर्विवाद आहे. परंतु रॉबर्ट्सने आपल्या काचेचा अर्थ कसा लावला, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. मध्यभागी तेजस्वी गोळा, भोवती वलये आणि शेजारी दोन लहान पुंज पाहून त्याला लाप्लासच्या तेजोमेघ-सिद्धान्ताचे प्रत्यक्ष प्रमाण सापडल्यासारखे वाटले. आकुंचन पावणाऱ्या वायूच्या मेघातून सूर्यमाला जन्मास येत आहे, वलयांतून ग्रह बनत आहेत, असे त्याने मानले. त्याची काच आजही बरोबर आहे. तिच्यावरील ते दोन लहान पुंज देवयानीच्या सहचर दीर्घिका म्हणून आजही ओळखले जातात. चुकले ते वाचन.

३. आजची पद्धती

देवयानी दीर्घिकेचा आकाशातील विस्तार सुमारे तीन अंश लांब व एक अंश रुंद, म्हणजे लांबीने पूर्णचंद्राच्या सहापट आहे. त्यामुळे या कामी लहान दुर्बीण ही केवळ गरिबाची सोय ठरत नाही. ती योग्य साधन ठरते. मोठ्या दुर्बिणीचे नाभ्यंतर लांब असते व तिच्या अरुंद दृष्टिक्षेत्रात दीर्घिकेचा एखादाच तुकडा मावतो. नाभ्यंतर ४०० मिलिमीटर असलेल्या दुर्बिणीत दीर्घिकेची प्रतिमा सुमारे २१ मिलिमीटर लांबीची पडते आणि ३६ × २४ मिलिमीटरच्या संवेदकावर ती आपल्या परिसरासह सुखाने बसते.

भिंगाच्या आकाराची तूट संवेदकाची ग्रहणशक्ती भरून काढते. रॉबर्ट्सच्या आरशाचे क्षेत्रफळ आठ सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाच्या सुमारे चाळीसपट होते. परंतु रासायनिक काच आपल्यावर पडलेल्या शंभर प्रकाशकणांपैकी फार तर एकदोघांचा उपयोग करी. आधुनिक संवेदक निम्म्याहून अधिकांचा करतो.

खरी अडचण पृथ्वीच्या भ्रमणाची असते. देवयानीच्या क्रांतीवरील तारा सेकंदाला सुमारे ११ विकला सरकतो. वरील दुर्बिणीत संवेदकाचा एक बिंदू साधारणपणे दोन विकलांचा असतो; म्हणजे दुर्बीण स्थिर ठेवली तर एका सेकंदातच तारा पाचसहा बिंदू ओलांडतो व त्याची रेघ होते. यासाठी दुर्बीण विषुववृत्तीय बैठकीवर बसवतात. या बैठकीचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर असतो व त्याभोवती ती तारकादिनाच्या गतीने फिरते. अक्ष किंचित जरी ढळला, तरी लांब उद्भासनात तारे ओघळतात. महाराष्ट्रातील निरीक्षकाला येथे एक स्थानिक अडचण येते. पुण्याच्या अक्षांशावर ध्रुवतारा क्षितिजापासून अवघा साडेअठरा अंश वर असतो. झाड, डोंगर किंवा उत्तरेकडील शहराचा उजेड त्याला सहज झाकतो. उलटपक्षी देवयानी दीर्घिका येथे याम्योत्तरावर येते तेव्हा उत्तर क्षितिजापासून सुमारे ६७ अंश उंच असते. नोव्हेंबरच्या मध्यास ही वेळ रात्री नऊ-दहाच्या सुमारास येते. पावसाने धुतलेली हवा व लांब रात्र यांचा योग तेव्हा जुळतो.

एकच दीर्घ उद्भासन देण्याची रॉबर्ट्सची रीत आता मागे पडली आहे. त्याऐवजी दोन-दोन मिनिटांची शंभर चित्रे घेऊन संगणकावर ती ताऱ्यांवर तारे जुळवून एकत्र करतात. याचे कारण असे : दीर्घिकेच्या बाह्य भुजा काळोख्या रात्रीच्या आकाशाहूनही फिकट असतात. म्हणजे त्या जागी नोंदल्या गेलेल्या प्रकाशात आकाशाचा स्वतःचा उजेड अधिक व भुजेचा कमी असतो. आकाशाचा सरासरी उजेड वजा करता येतो. पण त्यातील यादृच्छिक चढउतार वजा करता येत नाहीत. ते सरासरीनेच कमी करावे लागतात. चित्रांची संख्या शंभरपट झाली, तर सरासरीतील चढउतार दहापटीने घटतात. म्हणजे गुणवत्ता दुप्पट करण्यास वेळ चौपट लागतो. शहराजवळच्या आकाशात हा हिशेब कित्येक पटींनी महाग पडतो.

याशिवाय दोन प्रकारची साहाय्यक चित्रे घेतली जातात. दुर्बिणीला झाकण लावून, तेवढ्याच उद्भासनाची व तेवढ्याच तापमानाला घेतलेली 'डार्क' चित्रे संवेदकाचे स्वतःचे दोष दाखवतात. एकसारख्या उजळलेल्या पृष्ठाची 'फ्लॅट' चित्रे भिंगावरील धूळ व कडांकडे होणारी प्रकाशाची घट दाखवतात. पहिले वजा केले व दुसऱ्याने भागले, की साधनाची छाप पुसली जाऊन आकाशाची नोंद उरते.

अखेरची पायरी ताणण्याची. गाभा व बाह्य भुजा यांच्या तेजातील तफावत इतकी मोठी असते, की मूळ आकडे जसेच्या तसे पडद्यावर मांडले तर गाभ्यावाचून जवळजवळ काहीच दिसत नाही. म्हणून फिकट मूल्ये गणिती वक्राने वर उचलतात व तेजस्वी मूल्ये दाबून ठेवतात. रंगांचेही तसेच आहे. गाभ्यातील जुन्या ताऱ्यांचा पिवळेपणा व भुजांतील तरुण ताऱ्यांचा निळेपणा खरा आहे. परंतु तो किती गडद दाखवावा, हे चित्रकर्ता ठरवतो.

४. नोंद आणि निवड

वरील पद्धतीत नोंद कोठे संपते व निवड कोठे सुरू होते, हे अभ्यासकाने ओळखले पाहिजे. शंभर चित्रे एकत्र करताना एखाद्या बिंदूचे मूल्य एकाच चित्रात फार वेगळे आले, तर संगणक ते त्याज्य मानतो. कृत्रिम उपग्रहाची रेघ यामुळे पुसली जाते. पण त्या दोन मिनिटांत पडलेली उल्काही तिच्याबरोबर जाते. पद्धतीला पुनरावृत्ती हवी असते. बोलीच्या अभ्यासकाला हा प्रसंग अपरिचित वाटू नये. ध्वनिमुद्रणात खोकला, अडखळणे, मागच्या वाहनाचा आवाज, सारे असते. वर्णलेखनात त्यांतील प्रस्तुत तेवढे उरते. वर्णलेखन खोटे नसते. परंतु काय प्रस्तुत याविषयीचा एक सिद्धान्त त्यात आधीच गृहीत धरलेला असतो. म्हणूनच मूळ मुद्रणे जपून ठेवावी लागतात, तशीच मूळ चित्रेही.

चार्ल्स सँडर्स पर्स या तत्त्वज्ञाने चिन्हांचे तीन वर्ग केले. सादृश्याने अर्थ देणारे, प्रत्यक्ष कार्यकारणसंबंधाने निर्देश करणारे आणि संकेताने अर्थ देणारे, असे ते वर्ग होत. पर्सचा स्वतःचा ताऱ्यांच्या तेजोमापनाचा ग्रंथ १८७८ साली हार्वर्ड वेधशाळेच्या कामातूनच सिद्ध झाला होता, हे येथे लक्षणीय आहे. या वर्गीकरणानुसार छायाचित्र सदृश चिन्हही आहे व निर्देशक चिन्हही. काचेवरचा ठसा वस्तूपासून निघालेल्या प्रकाशानेच पडलेला असतो, म्हणून तो पुरावा होतो. परंतु निर्देशक चिन्ह केवळ 'ते तेथे' एवढेच सांगते. ते काय आहे, हे संकेताच्या, म्हणजे भाषेच्या, साहाय्यावाचून सांगता येत नाही.

देवयानीच्या चित्रात 'तेथे' याचा अर्थही अपुराच आहे. चित्र दिशा सांगते, तेज सांगते. अंतर सांगत नाही. त्या चौकटीत विखुरलेले बहुतेक सुटे तारे आपल्याच आकाशगंगेतील, काहीशे वा काही हजार प्रकाशवर्षांवरचे असतात. दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवर असते. चित्रात ते एकाच पातळीवर बसतात. दीर्घिकेची तबकडीही आपल्याकडे तिरपी असल्याने तिच्या दूरच्या कडेचा प्रकाश जवळच्या कडेच्या प्रकाशाहून एक लाखाहून अधिक वर्षे आधी निघालेला असतो. ज्याला एका क्षणाचे चित्र म्हटले जाते, त्यात एवढा काळ दुमडलेला असतो.

५. एका काचेवरील दुरुस्ती

रॉबर्ट्सच्या चित्राने न सुटलेला अंतराचा प्रश्न सुटण्यास पस्तीस वर्षे लागली. विल्यम हगिन्सने १८६४ मध्ये देवयानीचा वर्णपट तपासला, तेव्हा तो वायूच्या मेघांसारखा तुटक रेषांचा न आढळता अखंड आढळला होता. पण त्याचा पूर्ण अर्थ तेव्हा लागला नाही. १९१२ मध्ये स्लायफरने ही वस्तू सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येत असल्याचे मोजले. १९२० च्या एप्रिलमध्ये वॉशिंग्टन येथे शॅप्ली व कर्टिस यांनी सर्पिल तेजोमेघांच्या स्वरूपावर परस्परविरोधी मते मांडली. दोघांपुढेही छायाचित्रांची वाण नव्हती.

निर्णय झाला तो एका काचेवरील अक्षर खोडल्याने. ५-६ ऑक्टोबर १९२३ च्या रात्री एडविन हबलने माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीने देवयानीची एक काच घेतली. तीवरील तीन नव्या ठिपक्यांशेजारी त्याने शाईने 'एन्', म्हणजे नवतारा, असे अक्षर लिहिले. पुढे जुन्या काचांशी ताडून पाहता त्यांतील एक ठिपका पूर्वीही कमीअधिक तेजाने उमटलेला आढळला. तेव्हा ते 'एन्' खोडून त्याने रूपविकारी ताऱ्याचे सूचक असे 'व्हार' लिहिले व पुढे उद्गारचिन्ह दिले. हा तारा सुमारे ३१.४ दिवसांच्या आवर्तनाचा सेफीड प्रकारचा होता. अशा ताऱ्यांचा आवर्तनकाळ व मूळ तेज यांचा संबंध हेन्रिएटा लेव्हिट हिने १९१२ मध्ये प्रस्थापित केला होता. त्यावरून हबलला अंतर मिळाले सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे. १९५२ मध्ये वॉल्टर बाडेने सेफीडांचे दोन प्रकार वेगळे केले व ते अंतर दुपटीहून अधिक झाले. परंतु नऊ लाखांचा आकडाही देवयानीला आपल्या आकाशगंगेबाहेर काढण्यास पुरेसा होता.

ठिपका तोच, काच तीच. अक्षर बदलले आणि विश्वाचा आकार बदलला. मात्र ते अक्षर लहरीने बदलले नव्हते. अनेक रात्रींच्या काचा एकमेकींशी ताडल्याने ते बदलले. एकेकट्या चित्राला जे सांगता आले नाही, ते चित्रांच्या परस्परभेदाने सांगितले. २०१०-११ मध्ये हबल अवकाश दुर्बिणीने याच ताऱ्याचे वेध घेतले, तेव्हा तो कोणत्या दिवशी कोणत्या तेजाचा असेल हे ठरवण्यास अमेरिकेतील रूपविकारी तारे निरीक्षक संघटनेच्या हौशी सभासदांची निरीक्षणे उपयोगी पडली.

६. नावांचा इतिहास

वस्तूचे स्वरूप ठरले तरी नाव मागे रेंगाळते, याचा येथे उत्तम दाखला मिळतो. ज्या हबलने हे तेजोमेघ नव्हेत असे सिद्ध केले, तोच पुढे आयुष्यभर त्यांना 'आकाशगंगेबाहेरील तेजोमेघ' म्हणत राहिला. त्याच्या १९३६ च्या ग्रंथाच्या नावातही तेजोमेघच आहेत. उलट ज्या शॅप्लीने त्यांच्या स्वतंत्र अस्तित्वाला विरोध केला होता, त्याने मत बदलल्यानंतर 'गॅलॅक्सी' हे नाव आग्रहाने रूढ केले. 'नेब्युला' म्हणजे धुके. 'गॅलॅक्सी'च्या मुळाशी दूध. दोन्ही शब्द डोळ्याला दिसलेल्या डागाची वर्णने आहेत.

मराठीत 'तेजोमेघ' व 'अभ्रिका' या शब्दांत मेघ शिल्लक आहे. 'आकाशगंगा' हे आपल्या दीर्घिकेचे विशेषनाम असूनही ते सामान्यनामासारखे वापरले जाते आणि विद्यार्थ्याचा गोंधळ होतो. 'दीर्घिका' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ लांबट पुष्करिणी. तो कोणत्याही घटकद्रव्याचा दावा करीत नाही, हा त्याचा गुण होय. तारकासमूहांच्या नावांबाबत मराठीने वेगळाच मार्ग धरला आहे. ग्रीक कथेतील अँड्रोमीडा, तिची आई कॅसिओपिआ व पती पर्सियस यांच्या जागी देवयानी, शर्मिष्ठा व ययाती आले. यात आईच्या जागी सवत आली. म्हणजे नात्यांचे भाषांतर झाले नाही. आकाशातील शेजार तेवढा राखला गेला आणि त्या शेजाराला आपली कथा लाभली. छायाचित्रही शेजारच दाखवते. नाते दाखवत नाही.

७. अलीकडील एक शोध

हा प्रश्न केवळ इतिहासजमा झालेला नाही. २०२२ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या काळात फ्रान्समधील यान सँती या हौशी छायाचित्रकाराने १०६ मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीने देवयानी दीर्घिकेची शंभर तासांहून अधिक उद्भासने घेतली. मार्सेल ड्रेक्सलर व झाव्हिए स्ट्रॉटनर यांच्या सहकार्याने त्यांचे संस्करण झाले. आयनीभूत ऑक्सिजनच्या ५००.७ नॅनोमीटर लांबीच्या प्रकाशापुरतीच वाट देणारी गाळणी वापरल्यामुळे त्या चित्रांत दीर्घिकेच्या आग्नेयेस सुमारे दीड अंश लांबीची एक निळसर कमान उमटली. आकाशातील सर्वांत अधिक छायाचित्रित वस्तूंपैकी एकीच्या शेजारी असूनही ती तोपर्यंत कोणाला आढळली नव्हती. २०२३ च्या जानेवारीत व्यावसायिक संशोधकांसह हा शोध प्रसिद्ध झाला.

ही कमान यंत्राचा दोष नाही, हे इतर दुर्बिणींनी घेतलेल्या चित्रांवरून निश्चित झाले. परंतु ती देवयानीजवळची आहे की आपल्याच आकाशगंगेतील एखादा मेघ त्या दिशेला योगायोगाने आडवा आला आहे, हा वाद छायाचित्राने सुटला नाही; त्यासाठी वर्णपटाकडे व वेगमापनाकडे वळावे लागले. शोधकांनी तिला आपल्या आडनावांवरून केलेले सांकेतिक नाव व क्रमांक दिला. ती काय आहे हे ठरण्यापूर्वी ती काय आहे हे न सांगणारे नाव देणे, यात रॉबर्ट्सच्या काळापासून शिकलेला संयम दिसतो.

८. निष्कर्ष

लहान दुर्बिणीचे बळ भिंगाच्या आकारात नसून साठवणीच्या धीरात आहे, असे वरील विवेचनावरून म्हणता येईल. ते बळ खरे आहे. बाँडच्या डोळ्याला न उलगडलेले त्याने उलगडले, आणि विसाव्या शतकातील प्रचंड दुर्बिणींच्या नजरेतून निसटलेले १०६ मिलिमीटरच्या दुर्बिणीने नोंदवले. मात्र ही साठवण जे देते ती नोंद असते, विधान नसते. विधानाला नाव लागते, नावाला तुलना लागते व तुलनेला दुसऱ्या रात्रीची काच लागते. रॉबर्ट्सने नोंद आणि नाव एकाच श्वासात उच्चारले. हबलने एक अक्षर लिहून ते खोडण्याची तयारी ठेवली. चित्र असो वा ध्वनिमुद्रण, हस्तलिखित असो वा शिलालेख, पुराव्यावर काम करणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याने मूळ नोंद व तीवर लिहिलेले अक्षर यांमधील हे अंतर राखावयास हवे.